तीनच्या सुमाराचे डाग

प्रसूतिगृहाच्या मुख्य सिस्टरांनी कपड्यांचा गठ्ठा सोडला, वरचं दुपटं उजेडात धरलं, त्याखालचं धरलं, आणि दोन्ही लाँड्रीवाल्या मोठीच्या हातात दिली. पांढऱ्याशुभ्र कापडावर पिवळे ठिपके होते. मोहरीपेक्षा जरा मोठे, काही गोल, काही शेपूट फुटल्यासारखे लांबट.

"बाळांच्या अंगाखाली घालायची आहेत ही," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्याकडून असं कधी आलं नव्हतं."

"आमच्याकडून आलंच नसेल," मोठी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिने खाली पाहिलं. गठ्ठ्याची गाठ तिच्याच हातची होती.

मोठी म्हणजे लाँड्रीतली मोठी जाऊ. नवरा गेल्यापासून आठ वर्षं धंदा तीच बघत होती. तळमजल्यावर तीन मशीनं आणि इस्त्रीची दोन टेबलं, वर राहत्या लोकांचे चार मजले, आणि सगळ्यात वर गच्ची. गच्चीवर वाळत घालायच्या बारा तारा. धाकटी जाऊ इस्त्री आणि घड्या सांभाळायची, धाकटीचा नवरा टेम्पोतून कपडे आणायचा-पोचवायचा. वीस वर्षं एकत्र राहूनही दोघी जावांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या नव्हत्या, याचं नातेवाइकांना मोठं नवल वाटायचं. त्यातलं गुपित एवढंच होतं, की मशीनांच्या घरघरीत अर्धं भांडण ऐकूच येत नसे.

यंदा मात्र एक भांडण नीट ऐकू आलं होतं. धाकटीला ड्रायर हवा होता. इमारतीची लिफ्ट बंद पडून जमाना झाला होता आणि ओल्या चादरींच्या बादल्या पाच जिने वर न्यायच्या म्हणजे गुडघ्यांचा भुगा. "वहिनी, जग कुठे गेलंय आणि आपण अजून उन्हाच्या भरवशावर," ती म्हणाली होती. त्यावर मोठीचं ठरलेलं उत्तर : उन्हात वाळलेल्या कापडाला जो वास असतो तो मशीनच्या बापाला आणता येणार नाही. दोघींनी आवाज चढवले, धाकटीने इस्त्री आपटली, आणि तेव्हापासून दोघी कामापुरतंच बोलत होत्या.

त्यामुळे प्रसूतिगृहातून परत येताना मोठीच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला, यात नवल नव्हतं. आठवड्यापूर्वीही उशीच्या तीन-चार अभ्र्यांवर पिवळट धब्बे दिसले होते. तेव्हा पुन्हा धुवून तिने तो विषय सोडून दिला होता. आता दुपटी. गच्चीवर वाळलेले कपडे खराब झाले, की ड्रायर आणावाच लागणार. आणि ड्रायर कोणाला हवा होता?

"छे," ती स्वतःशीच म्हणाली. "इतकी नाही ती वाईट." पण किडा वळवळतच राहिला.

पुढचे चार दिवस तिने सगळं तपासून पाहिलं. साबणाची पावडर बदलली. निळीची बाटली फेकून दिली. तारा व्हिनेगरने घासल्या, चिमटे उकळून काढले, पाण्याच्या टाकीत स्वतः डोकं घालून पाहिलं. कबुतरांवर संशय होता म्हणून कठड्यावर चकाकत्या पट्ट्या बांधल्या. कबुतरं पट्ट्यांशेजारी येऊन आरामात बसली, पण त्यांच्या शिटेचा रंग आणि हा रंग यांचा काही मेळ बसेना. हा रंग पिवळाधमक होता. वाळल्यावर नखाने खरवडला तर पिठासारखा सुटायचा आणि खाली फिकट डाग राहायचा. एक दिवस एकही ठिपका नाही. दुसऱ्या दिवशी सहा चादरी बाद. त्यातही गंमत अशी, की सकाळी वाळवून काढलेले कपडे स्वच्छ आणि दुपारचे ठिपक्यांचे. दुपारी कपडे काढायला कोण जायचं? धाकटी.

पाचव्या दिवशी मोठीला राहवलं नाही. धाकटी खाली अभ्रे इस्त्री करत होती.

"एक विचारू?"

"विचारा की."

"दुपारी कपडे काढताना तुझ्या हाताला काही लागलेलं असतं का? मलम, काही पावडर?"

धाकटीने इस्त्री उभी केली. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. विचारलं."

"वहिनी, सरळ बोला. मी मुद्दाम करते असं म्हणायचंय तुम्हाला?"

नाही, असं म्हणायला मोठीने तोंड उघडलं, पण शब्द वेळेवर आला नाही. तेवढी उसंत पुरे झाली. धाकटीने प्लग काढला, ओढणी घेतली आणि वर घरी निघून गेली. जिन्यात तिची पावलं धाडधाड वाजत गेली. दुखऱ्या गुडघ्यांना एवढा आवाज करता येतो, हे मोठीला त्या दिवशी कळलं.

आता दुपारचे कपडे काढायलाही मोठीच जाऊ लागली. आणि तिथेच दुसरं संकट उभं राहिलं.

गल्लीच्या पलीकडे काचांची एक कचेरीची इमारत होती. तिच्या सातव्या मजल्यावर, बाहेर आलेल्या सिमेंटच्या छज्ज्याखाली एक काळा पट्टा लोंबत होता. डांबरी कापडाचा तुकडा असावा तसा. लांबी माणसाच्या दोन हातांएवढी, आकार खाली गोलाई आलेला. मोठीने तो दोनेक आठवड्यांपूर्वी पाहिला होता आणि गळती थांबवायला काहीतरी लावलं असेल असं समजून सोडून दिलं होतं. त्या दुपारी चिमटे काढता काढता तिची नजर तिकडे गेली, आणि तो पट्टा हलला. वाऱ्याने नव्हे. वारा नव्हताच. पट्ट्याच्या एका कडेला काहीतरी चकाकलं आणि ती चकाकी गरकन दुसऱ्या कडेपर्यंत धावत गेली. मग पुन्हा. पुन्हा. पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळं पसरावीत तशी.

मोठीने तार घट्ट धरली. चष्मा काढला, पुसला, लावला. पट्टा गप्प लोंबत होता.

तिला आई आठवली. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आई एक दिवस खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली होती, "पडद्यावरची फुलं चालतायत बघ." सगळे हसले होते. वर्षभरात आईने लेकीला ओळखणं सोडलं. मोठी तेव्हा सदतीस वर्षांची होती. आता ती अठ्ठावन्नची होती, आणि तिला भिंतीवरचं डांबर चालताना दिसत होतं.

ती दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब टाकले, विजेरीने आत पाहिलं.

"डोळे उत्तम आहेत तुमचे."

"नक्की?"

"माझ्यापेक्षा बरे. का? काही दिसतं का वेगळं?"

"नाही, सहज," मोठी म्हणाली आणि बाहेर आली. डोळे उत्तम आहेत हे ऐकून रडू येणारी ती त्या दवाखान्यातली पहिलीच बाई असावी. डोळे बिघडले असते तर चष्मा बदलता आला असता. डोळे चांगले असतील तर मग काय बिघडलं होतं?

आणि मग तो किडा उलटा फिरला. डाग आपणच पाडत असलो तर? काहीतरी करतो आणि विसरतो, असं होत असेल तर? धाकटीही आताशा तिच्याकडे विचित्र नजरेने बघायची. एकदा ती दिराला हळूच म्हणताना मोठीने ऐकलं होतं, "वहिनींनी काल निळीची भरलेली बाटली फेकून दिली, आणि आज मला विचारतात नीळ कुठाय." हे खरंच होतं. मोठीने विचारलं होतं. का विचारलं ते तिला आठवत नव्हतं.

शेवटी तिने ठरवलं, की काय ते डोळ्यांदेखत होऊ दे. शुक्रवारी तिने एक नवी कोरी चादर घेतली, दुपारी दोन वाजता गच्चीवर एकटीच तारेवर टाकली, आणि टाकीच्या सावलीत स्टूल टाकून बसली. ऊन असं होतं की गच्चीच्या फरशीवर पाय ठेवावा तर चटका. अडीच वाजले. काही नाही. पावणेतीन. पलीकडचा काळा पट्टा गप्प होता. मोठीला डुलकी लागायच्या बेतात होती तेवढ्यात एक आवाज सुरू झाला. खूप लांबून ट्रक घाटात चढत असावा तसा. आवाज वाढला. तिने वर पाहिलं आणि उठून उभी राहिली.

काळा पट्टा फिकट पडत चालला होता. बघता बघता त्याचा काळेपणा विरघळला, छज्ज्याखाली मळक्या पांढऱ्या रंगाचं काहीतरी उघडं पडलं, आणि गल्लीवरचं आभाळ बारीक काळ्या ठिपक्यांनी भरून गेलं. आवाज डोक्यावरून गेला. मग टप. टप टप. तिच्या हातावर, चष्म्याच्या काचेवर, चादरीवर. पिवळे, कोमट थेंब.

"अगं!" मोठी कठड्यावरून वाकून ओरडली. "धाकटे! वर ये! पळत ये!"

धाकटी चौथ्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीतून डोकावली, वहिनीचा चेहरा पाहिला आणि खरंच पळत आली. पण एक मजला चढायचा म्हटला तरी चपला शोधण्यात आणि गुडघे सांभाळण्यात पाच मिनिटं गेलीच. ती वर पोचली तेव्हा आभाळ रिकामं होतं आणि छज्ज्याखाली काळा पट्टा पहिल्यासारखा लोंबत होता.

"बघ!" मोठी म्हणाली.

"काय बघू?"

"ते! ते काळं! ते आत्ता पांढरं झालं होतं. विरघळलं, आणि वरून पाऊस पडला. पिवळा."

धाकटीने चादरीकडे पाहिलं. मग वहिनीच्या चष्म्याकडे. मग कोरड्या ठणठणीत आभाळाकडे. ती इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच मऊ आवाजात बोलली, आणि तेच मोठीला जास्त लागलं.

"वहिनी, तुम्ही जरा खाली चला. पाणी प्या. किती वेळ उन्हात बसलाय?"

"मला वेड लागलेलं नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"तुझ्या तोंडावर लिहिलंय ते."

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून बसल्या. धाकटी वहिनीच्या समाधानासाठी, आणि मोठी धाकटीचं तोंड बंद करण्यासाठी. त्या दिवशी नेमकं ढगाळलं. साडेचारपर्यंत पट्टा जागचा हलला नाही. मोठी खाली उतरली ती मान खाली घालूनच. रविवारी तिने देवाचं नाव घ्यावं की डॉक्टरचं, हे तिला ठरवता येईना.

सोमवारी सकाळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून दोऱ्या सुटल्या. वर्षातून दोनदा काचा पुसायला येणारा दोरीवाला आला होता. पट्ट्यात अडकवलेलं फळकुट, बादली, रबराची पुसणी असा त्याचा सरंजाम. मोठी त्याला बरीच वर्षं ओळखत होती, कारण तो तिच्याकडून जुन्या चादरींच्या चिंध्या नेत असे. त्याने डावीकडच्या काचा पुसल्या, मधल्या पुसल्या, आणि उजवीकडे यायची वेळ आली तेव्हा दोऱ्या वर ओढून घेतल्या. थोड्या वेळाने तो चिंध्यांसाठी लाँड्रीच्या दारात उभा.

"उजवी बाजू राहिली की," मोठी म्हणाली.

"तिकडे कोण जाईल, काकू? आग्या मोहोळ आहे तिथे. मला अजून पोरीचं लग्न करायचंय."

मोठीच्या हातातून चिंध्या पडल्या. इस्त्रीच्या टेबलाशी धाकटीही थांबली.

"मोहोळ? ते काळं?"

"काळं म्हणजे माश्याच. सगळ्या माश्या. आत पोळं एकच असतं, एवढं मोठं, उघड्यावर टांगलेलं. बाकीच्या मधमाश्या कशा ढोलीत, भिंतीच्या फटीत घर करतात. ह्यांना घरच नाही. म्हणून पोळ्याच्या दोन्ही बाजूंना माश्याच एकमेकींना धरून लोंबतात. तीच त्यांची भिंत, तेच छप्पर."

"पण ते हलतं," मोठी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की दोरीवाल्याला पुढे झुकावं लागलं. "चकाकी धावत जाते. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"जाते ना! गांधीलमाशी जवळ आली की सगळ्या मिळून शेपट्या वर करतात. एकीने केली की शेजारची, तिच्या शेजारची. लाट जाते. गांधीलमाशी घाबरून मागे सरते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चक्कर आली असं वाटलं. दोरीवर होतो हो मी!"

मोठी स्टुलावर बसली. तिला हसू येत होतं आणि हुंदकाही, आणि दोन्ही एकदम बाहेर पडू पाहत होते.

"आणि पिवळं?" धाकटीने विचारलं.

दोरीवाला दोघींकडे बघून जरा लाजला. "आता बायकांपुढे कसं सांगू. शी करतात त्या. उन्हाचा कडाका असला की दुपारी बऱ्याचशा एकदम उडतात, पाच मिनिटं बाहेर फिरतात, मोकळ्या होतात आणि परत येऊन चिकटतात. पोळ्यावर घाण करत नाहीत. माझ्या शर्टावर कितीदा पडलंय."

"आणि ढगाळ दिवशी?"

"ढगाळ दिवशी कशाला उडतील? म्हणजे, मी पाहिलं ते सांगतो. बाकी त्यांचं त्यांना माहीत."

तो गेला. एक मशीन पिळायला लागलं, थरथरलं आणि थांबलं. इतके दिवस ज्या धाकटीला मनातल्या मनात चोर ठरवलं, तिच्यासमोर आता काय तोंडाने उभं राहायचं, हे मोठीला कळेना. माफी मागायची सवय नव्हती. धाकटीकडे तर कधीच मागितली नव्हती.

"मी तुझ्यावर संशय घेतला," ती अखेर म्हणाली. "ते चुकलं माझं."

धाकटी अभ्र्याची घडी घालत होती. घातलेली घडी तिने मोडली, पुन्हा घातली.

"वहिनी, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आता कसली रागावते."

"पहिल्यांदा जे अभ्रे खराब झाले ना, ते माझ्यामुळे. पिवळं फडकं मशीनमध्ये राहिलं होतं. त्याचा रंग उतरला. मी सांगणारच होते. पण ड्रायरवरून आपलं वाजलेलं, म्हटलं आता हे सांगितलं तर तुम्ही म्हणाल, आधी हाताने धड धुवायला शिक. मग दुपट्यांवर डाग आले आणि मला कळेचना, की फडकं तर मी टाकून दिलं, मग हे कुठून? मलाच वाटायला लागलं की मशीनमध्ये अजून काही राहिलंय. रोज ड्रममध्ये हात घालून बघत होते मी."

मोठीने मशीनच्या ड्रमकडे पाहिलं. आत्ताच मागितलेली माफी अर्धी परत घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली अर्धी, हे तिला ठरवता येईना. संशय खोटा होता. पण अगदीच खोटा नव्हता. आणि खरा होता म्हणावं, तर ज्या डागांसाठी घेतला ते डाग माश्यांचे.

"आणि मला वेड लागलंय असंही वाटत होतं ना तुला?"

"थोडं," धाकटी म्हणाली. "तुम्हाला?"

"मलाही."

मग मात्र दोघींना हसू आवरेना. दीर गठ्ठे घेऊन आत आला, दोघींना टेबलावर डोकी टेकून हसताना पाहिलं, आणि काही न विचारता गठ्ठे ठेवून बाहेर पळाला.

दोन दिवसांनी दोरीवाल्यानेच निरोप आणला, की समोरच्या इमारतीचे व्यवस्थापक मोहोळ जाळायच्या विचारात आहेत. "मी नको म्हटलं तर म्हणतात कामचुकार आहे. तुम्ही सांगा काकू, तुम्ही शेजारी. धूर करून चिडवलं तर अख्खी गल्ली फोडून काढतील. पाठलाग करतात त्या, सोडत नाहीत. आणि मागच्या गल्लीतल्या प्रसूतिगृहात बाळंतिणी आहेत."

दोघी जावा समोरच्या कचेरीत गेल्या. व्यवस्थापक गारेगार खोलीत बसले होते.

"मोहोळाचा तुम्हाला त्रास आहे?"

"आहे," मोठी म्हणाली. "कपड्यांवर डाग पडतात."

"मग काढून टाकतो."

"नको, काढू नका."

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुमची तक्रार आहे की नाही?"

"आहे. पण काढू नका."

"मग मी करू काय?"

"काहीच करू नका," धाकटी मध्येच म्हणाली. "तेच सांगायला आलोय."

व्यवस्थापक दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिले. काही न करण्याची मागणी घेऊन त्यांच्याकडे आजवर कोणी आलं नसावं. ही मागणी मात्र त्यांना पार पाडायला सोपी वाटली असावी, कारण त्यांनी लगेच मान डोलावली आणि उजव्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवायची पाटी लावून घेतली.

लाँड्रीत वेळापत्रक बदललं. पहाटे पहिलं मशीन लावायचं, एक वाजायच्या आत तारा रिकाम्या करायच्या. ड्रायरही आला. तो माश्यांमुळे आला नाही. धाकटी त्या दिवशी गच्चीवर पळत आली तेव्हापासून तिचा उजवा गुडघा सुजला होता आणि मोठी रोज तो बघत होती. मशीन दुकानात उतरवून घेताना तिने एवढंच म्हटलं, "चादरी ह्यात. दुपटी मात्र उन्हातच." धाकटीने वाद घातला नाही.

ऊन कलतं झालं, हवा पालटली, आणि एका सकाळी छज्ज्याखालचा काळा पट्टा नव्हता. मळक्या पांढऱ्या रंगाचं पोळं तेवढं उघडं लोंबत होतं, खालून कुरतडल्यासारखं. मोठी बादली हातात धरून तिथेच उभी राहिली. आता डागांची भीती नाही, तेव्हा बरं वाटायला हवं होतं. बरं वाटत नव्हतं. वाईट वाटतंय म्हणावं, तर ज्या माश्यांनी दोन महिने जीव मेटाकुटीला आणला त्यांच्यासाठी वाईट कसं वाटेल? काय वाटतंय ते तिला धड सांगता आलं नसतं.

उरलेल्या काचा पुसायला दोरीवाला आला आणि त्याआधी चिंध्या मागायला तिच्या गच्चीवर चढला, तेव्हा तिने त्याला गाठलं.

"कुठे गेल्या?"

"जिथे फुलं असतील तिथे. पुढच्या वर्षी येतील परत. ह्याच छज्ज्याला. पुलाजवळच्या एका इमारतीवर मी तीन वर्षं तेच बघतोय."

"ह्याच येतील?"

"ह्या कशा येतील, काकू? कामाच्या माश्या दीड-दोन महिन्यांत मरतात. राणी तीच असते म्हणे. बाकी सगळ्या नव्या."

"मग ज्यांनी हे घर कधी पाहिलंच नाही, त्या इतक्या इमारती सोडून ह्याच छज्ज्याशी बरोबर कशा येतात? कोण सांगतं त्यांना?"

"ते मला विचारू नका," दोरीवाला कंबरेचा पट्टा आवळत म्हणाला. "मी काचा पुसतो."

मोठी त्याच्याकडे, मग छज्ज्याकडे बघत राहिली. खालून धाकटीची हाक आली, की ड्रायर शिट्टी मारतोय आणि कुठलं बटण दाबायचं ते तिला समजत नाहीये. समजत मोठीलाही नव्हतं. पण "आले, थांब, काही दाबू नकोस!" असं ओरडून तिने बादली उचलली आणि जिना उतरायला लागली.